मार्सेलिसच्या सायलोची पार्श्वभूमी

मार्सेलिस म्हटलं की आपल्याकडे मोरिया बोट आणि जुलै 1910 आठवतंच, ते सगळ्यांना पाठ आहे, त्यात शिरत नाही. हा सायलो त्यानंतरचा, 1927 चा. शहराच्या उत्तरेला आरेंक भागात, अगदी धक्क्याला लागून उभं असलेलं काँक्रीटचं धान्याचं कोठार, त्याचा आता दोनेक हजार प्रेक्षकांचा कॉन्सर्ट हॉल झालाय.

जुना इतिहास थोडक्यात. 1853 ला शहरातल्या जोलिएत भागात नवा डॉक सुरू झाला, 1869 ला सुएझ कालवा उघडला, आणि बंदर उत्तरेकडे सरकत गेलं. अल्जेरिया, ट्युनिशियाकडून कडक गहू यायचा, शहरातल्या गिरण्यांमध्ये त्याचा रवा आणि पास्ता व्हायचा, तो साठवायला हे कोठार. मग 1960 च्या दशकापासून मोठं बंदर पन्नासेक किलोमीटर पश्चिमेला फॉसला हललं आणि इथल्या धक्क्यावरचं काम आटत गेलं.

खरी गंमत 1995 नंतरची. त्या वर्षी सगळ्या बंदरपट्ट्याच्या पुनर्विकासाचा सरकारी प्रकल्प सुरू झाला आणि हा सायलो अचानक मध्ये यायला लागला. बंदराच्या मालकांना तो नकोच होता, नव्वदच्या अखेरीस पाडायचं जवळपास ठरत आलं होतं, त्यांच्या हिशोबाने जुनं रिकामं काँक्रीट म्हणजे अडलेली जागा. विरोध करणारे म्हणत होते की गोद्या, क्रेन, कामगारवस्त्या सगळं गेलं तर या शहराने कशावर पोट भरलं हे दाखवायला राहणार काय. मला दुसरी बाजू पटते, हे लपवत नाही.

पुढे त्याला विसाव्या शतकातला वारसा असं अधिकृत लेबल मिळालं आणि अनेकांना वाटतं की त्यामुळेच तो वाचला, पण तसं नाही. ते लेबल म्हणजे नुसती ओळख, कायद्याचं संरक्षण नाही, लेबल असलेली इमारतही पाडता येते. वाचला तो यासाठी की त्याचा काहीतरी उपयोग सापडला, शहराला मोठ्या हॉलची गरज होती आणि 2013 ला युरोपची सांस्कृतिक राजधानी व्हायची तयारी चालू होती. आणि उपयोग म्हटला की कापाकापी आलीच. धान्याचे उंच उभे कप्पे होते, त्यांतले बरेच मधून कापून स्टेज आणि खुर्च्यांसाठी पोकळी केली, काही भागात ऑफिसं काढली. म्हणजे बाहेरचं कवच तेच, पोट बदललेलं. याला जतन म्हणायचं का? काही वास्तुप्रेमी अजून नाकं मुरडतात, आणि त्यांचं अगदीच चुकतंय असंही नाही, कारण सायलो म्हणजे ते कप्पेच, भिंती नव्हेत. पण पर्याय सपाट मैदानाचा होता, कप्पे तसेच ठेवून रिकामी इमारत सांभाळायला कोणी पैसे काढत नव्हतं, तेव्हा मी तरी या सौद्याला हो म्हटलं असतं.

हॉल सप्टेंबर 2011 ला उघडला. त्याच्या आगेमागे सगळा परिसरच बदलला, जवळच एका जहाज कंपनीचा 147 मीटर उंच टॉवर झाला, 2013 ला किल्ल्यापाशी मोठं म्युझियम आलं, 2014 ला समुद्राकडे तोंड करून मॉल आला. आज कोणाला विचारा, सायलो वाचवायचा निर्णय किती शहाणपणाचा होता ते रंगवून सांगतील, जणू कधी वाद झालाच नव्हता. त्या धक्क्यावर घाम गाळणाऱ्यांचं काय झालं हे मात्र त्या गोष्टीत येत नाही, उत्तरेकडच्या वस्त्यांमध्ये बेकारी आहे ती आहेच.

जायचं तर दोन नंबरची ट्राम घ्यायची, स्टॉपच्या नावातच सायलो आहे, जोलिएतहून चालतही जाता येतं. वरून हायवेचा पूल गेलेला असल्यामुळे रस्त्यावरून इमारत नीट दिसत नाही आणि मिस्ट्रल वारा सुटला तर उभं राहणं अवघड, त्यामुळे फोटोसाठी रेंगाळू नका. हे म्युझियम नाही, आत जायला कार्यक्रमाचं तिकीट लागतं, विनोदी शो, म्युझिकल, रॉक असं सगळं असतं. थोडं लवकर पोचा, कारण बघण्यासारखी गोष्ट हॉलमध्ये नाही तर फोयरमध्ये, म्हणजे हॉलबाहेरच्या दालनात आहे: कप्प्यांच्या तळाचे काँक्रीटचे हॉपर, नरसाळ्यासारखे निमुळते होत डोक्यावर लटकणारे, ते तिथे तसेच ठेवलेत.