होडी गळतेय? गळू द्या

सुकलेल्या लाकडाची होडी पाण्यात उतरली की गळते. काठावरचा एखादा जाणकार लगेच 'काम कच्चं झालंय' म्हणून मोकळा होतो. होडी बांधणारे मात्र निवांत पाणी उपसत बसतात, आणि दिवसा-दोन दिवसांत गळती आपसूक थांबते. कशी, ते बघण्यासारखं आहे.

लाकडाच्या पेशीभित्तिकेत सेल्युलोजचे अतिसूक्ष्म तंतू असतात, बहुतेक सगळे खोडाच्या उभ्या दिशेने, गवताच्या पेंढीसारखे आवळलेले. पाण्याचे रेणू या तंतूंवरच्या आणि त्यांच्या मधल्या हेमिसेल्युलोजवरच्या (सेल्युलोजच्याच जातकुळीतला पदार्थ) हायड्रॉक्सिल गटांना, म्हणजे ऑक्सिजन-हायड्रोजनच्या जोड्यांना, हायड्रोजन बंधांनी चिकटतात आणि तंतूंना बाजूला रेटतात. तंतू स्वतः लांबत नाहीत. म्हणून फळी रुंदीत फुगते, लांबीत जवळजवळ नाहीच. पाणी लाकडाच्या कोरड्या वजनाच्या ३० टक्क्यांच्या आसपास गेलं की भित्तिका भरतात; पुढचं पाणी पेशींच्या पोकळीत साठतं, फुगवत नाही.

रुंदीतही भेद आहे. ओला साग पूर्ण सुकला की वाढवलयांच्या (खोडातल्या वर्तुळांच्या) दिशेने ५.८ टक्के आकसतो, गाभ्याकडून सालीकडे फक्त २.५ टक्के. हिशेब करा: १२ टक्के ओलाव्याची, २० सेंटिमीटर रुंदीची फळी भिजून तृप्त झाली की तिची रुंदी वलयांच्या दिशेने असेल तर सुमारे ७ मिलिमीटर वाढते, गाभ्याकडून सालीकडे असेल तर ३. झाड तेच, फरक फक्त खोड कसं चिरलं त्याचा!

दोन फळ्यांच्या सांध्यात ठोकलेला कापूस किंवा काथ्या या फुगण्याने दाबला जातो आणि फट बंद होते. पण कोरड्या होडीत तो हात राखून ठोकावा लागतो. जास्त ठासला तर फळ्यांना फुगायला जागा उरत नाही; खिळे ओढले जातात, आतल्या बरगड्यांना तडे जातात. शिवाय दाबाने फळ्यांच्या कडा कायमच्या चेपल्या, तर होडी पुन्हा सुकल्यावर फट पहिल्यापेक्षा मोठी दिसते. किती राखायचं ते लाकूड किती सुकलंय त्यावर ठरतं, आराखड्यात ते नसतं. (यावरून 'पूर्वजांना रेणुशास्त्र ठाऊक होतं' असे मेसेज कृपया फिरवू नयेत. कित्येक पिढ्यांच्या फसलेल्या सांध्यांमधून हे हाताला कळलंय, त्याचं श्रेय तरी त्यांना राहू द्या.)

२०२१ मध्ये युनेस्कोने डेन्मार्क, फिनलंड, आइसलंड, नॉर्वे आणि स्वीडनमधली, फळीवर फळीची कड चढवून होडी बांधण्याची परंपरा वारसा यादीत घेतली. होडी नव्हे, परंपरा. हे शहाणपणाचं झालं. संग्रहालयाच्या कोरड्या हवेत फळ्या आकसतात आणि सांधे उघडे पडतात. १६२८ साली बुडालेलं वासा हे स्वीडिश युद्धजहाज १९६१ मध्ये वर काढलं, तेव्हा ते सुकून फुटू नये म्हणून त्यावर १७ वर्षं पॉलिएथिलीन ग्लायकॉल (पाण्यात विरघळणारा मेणासारखा पदार्थ) फवारावं लागलं; पाण्याने सोडलेली जागा त्या रेणूंनी धरली. मासेमारीच्या साध्या होडीसाठी एवढा खटाटोप कोण करणार? आणि फायबरग्लासची होडी आली की भरायला फळ्यांचे सांधेच नसतात, मग हात किती राखायचा हे नव्या पोराला शिकवायचं तरी कशावर?