खाद्य व वाइन रसिक मंडळाची नोंदणी: पात्रता, कागदपत्रे आणि वाइनची वेगळी परवानगी

लातूर, नांदेड किंवा छत्रपती संभाजीनगरात उत्तम जेवण आणि वाइनच्या आस्वादासाठी मंडळ काढायचे असेल, तर कामे दोन आहेत: संस्थेची नोंदणी आणि मद्याची परवानगी. नोंदणीचे प्रमाणपत्र हाती आले म्हणून वाइनचा पेला भरता येत नाही.

नोंदणी संस्था नोंदणी अधिनियम, १८६० खाली होते. किमान सात सज्ञान सभासद लागतात. मेमोरँडम (संस्थेचे नाव व उद्देश सांगणारे पत्रक), नियमावली (कार्यकारिणीतल्या किमान तिघांच्या सहीने प्रमाणित), सभासदांची नावे-पत्ते-व्यवसाय, ओळखीचे व रहिवासाचे पुरावे, संमतीपत्र, कामकाज पाहणाऱ्याचे अधिकारपत्र, प्रतिज्ञापत्र, आणि कार्यालयाच्या जागेसाठी मालकाचे ना हरकत पत्र व लाइट बिल, एवढे जमवून जिल्ह्याच्या धर्मादाय कार्यालयातल्या सहायक संस्था निबंधकांकडे अर्ज करावा. लंडनला १९३३ साली स्थापन झालेल्या इंटरनॅशनल वाइन अँड फूड सोसायटीसारख्या मातृसंस्थेची शाखा म्हणून नाव घ्यायचे असेल, तर त्यांचे लेखी पत्र आधी मिळवा.

अर्ज अडकतो तो बहुतेक वेळा उद्देशांच्या कलमावर. ‘सभासदांसाठी मेजवान्या व वाइन पार्ट्या आयोजित करणे’ असे लिहिले की त्रुटी निघणारच, कारण कलम २० मधल्या हेतूंत नुसत्या खाण्यापिण्याला जागा नाही. उपयुक्त ज्ञानाच्या प्रसाराला आहे. म्हणून ‘मराठवाड्यातील खाद्यपरंपरा, पाककला व पेये यांचा अभ्यास, व्याख्याने व प्रात्यक्षिके’ असे लिहा आणि खरोखर तसे कार्यक्रम घ्या. नान खलिया (नानसोबत खाल्ला जाणारा संभाजीनगरचा मटणाचा रस्सा) कसा शिजतो हे खानसाम्याकडून समजून घेणे हा उत्तम पहिला कार्यक्रम ठरेल.

उद्देश धर्मादाय स्वरूपाचे असतील तर सार्वजनिक न्यास म्हणूनही नोंदणी लागते. तो अर्ज तीन महिन्यांच्या आत द्यायचा असतो. पुढे कार्यकारिणी बदलली की ९० दिवसांत बदल अर्ज. तो राहिला तर पुढे बँकेत सह्या बदलताना अडचण येते.

आता वाइन. सर्वांत सोपा मार्ग म्हणजे परमिट रूम असलेल्या हॉटेलात बैठक ठेवणे. तिथे परवाना हॉटेलचा असतो. लॉन किंवा फार्महाऊसवर बैठक असेल तर राज्य उत्पादन शुल्क विभागाकडून एक दिवसाचा तात्पुरता परवाना आधी काढावा. बाटल्या राज्यातल्या परवानाधारक दुकानातूनच घ्याव्यात आणि बिले जागेवर ठेवावीत. कुणी सभासदाने गोव्याहून आणलेली बाटली टेबलावर आली, तर तिच्यावर महाराष्ट्राचे शुल्क भरलेले नसते आणि अख्खा कार्यक्रम गोत्यात येतो. तिकिटाच्या दरात वाइन धरली की तीही विक्रीच, परवान्याविना चालत नाही. वाइन व बिअरसाठी वय किमान २१, कडक मद्यासाठी २५, आणि पिण्याचा वैयक्तिक परवाना वेगळा.

७५० मिलीच्या बाटलीत ५० मिलीचे १५ घोट होतात; २५ जणांना प्रत्येक प्रकाराच्या दोन बाटल्या पुरतात. मे महिन्यात त्या गाडीच्या डिकीत ठेवू नका, उन्हाने वाइन शिजते.

हॉल ठरवण्याआधी तारीख पाहा: २ ऑक्टोबरला आणि मतदान संपण्यापूर्वीच्या ४८ तासांत ड्राय डे असतो.