अखिलाडू वर्तन (क्रिकेट)

क्रिकेटच्या मैदानावर नियमांना किंवा खेळाच्या रीतीला सोडून केलेले वागणे. बोलीभाषेत ‘रडीचा डाव’. पंचांच्या निर्णयावर उघड नाराजी, शिवीगाळ, अंगावर धावून जाणे, चेंडू कुरतडणे (मुद्दाम त्याचा पृष्ठभाग बिघडवणे) हे त्याचे नेहमीचे प्रकार. सभ्य गृहस्थांचा म्हणवणाऱ्या या खेळात खेळाडूंना वठणीवर आणण्याचे काम फार काळ कर्णधाराकडेच असे. कर्णधारच बिथरला तर काय, हे फेब्रुवारी १९८१ मध्ये मेलबर्नला दोनदा दिसले.

१ फेब्रुवारीला एकदिवसीय सामन्यात बरोबरीसाठी न्यूझीलंडला शेवटच्या चेंडूवर षटकार हवा होता. ऑस्ट्रेलियाचा कर्णधार ग्रेग चॅपेल याने धाकटा भाऊ ट्रेव्हर याला चक्क सरपटी चेंडू टाकायला लावला. गल्लीत लहान पोरांसाठी टाकतात तसा. ते नियमात बसत होते, म्हणून शिक्षा झाली नाही. अशा चेंडूवर बंदी नंतर आली. त्याच महिन्यात त्याच मैदानावरील कसोटीत ऑस्ट्रेलियाच्या डेनिस लिलीने भारताचे कर्णधार सुनील गावसकरांना पायचीत केले. चेंडू बॅटला लागला होता असे गावसकरांचे म्हणणे. संतापून ते जोडीदार चेतन चौहान यांनाही घेऊन निघाले. भारतीय संघाचे व्यवस्थापक शाहिद दुराणी यांनी चौहान यांना सीमारेषेशी अडवले. दोघेही बाहेर पडते तर भारताने सामना सोडला असे ठरण्याचा धोका होता. प्रत्यक्षात तो भारताने ५९ धावांनी जिंकला. गावसकरांनी पुढे खेद व्यक्त केला.

आंतरराष्ट्रीय सामन्यांना सामनाधिकारी, म्हणजे खेळाडूंच्या वागणुकीवर लक्ष ठेवून शिक्षा देणारे अधिकारी, १९९१ पासून मिळाले. २००१ च्या पोर्ट एलिझाबेथ कसोटीत सामनाधिकारी माइक डेनेस यांनी सचिन तेंडुलकरसह सहा भारतीयांना शिक्षा केल्या. पुढच्या सामन्यात डेनेस नकोत, यावर भारत अडून बसला. दक्षिण आफ्रिकेने ते मान्य केले, म्हणून आयसीसीने (आंतरराष्ट्रीय क्रिकेट परिषदेने) सेंच्युरियनचा तो सामना अनधिकृत ठरवला. शिक्षा देणाऱ्यामागे देशोदेशीची क्रिकेट मंडळे उभी नसतील तर नियम किती लुळा पडतो, हे इथे कळते.

मैदानावरच शिक्षा देण्याची तरतूद १ ऑक्टोबर २०१७ पासून लागू झालेल्या, क्रिकेटच्या ४२व्या नियमाने आली. तिच्या चार पातळ्या आहेत. पहिल्या पातळीवर आधी ताकीद, पुन्हा घडल्यास पाच धावांचा दंड. दुसऱ्या पातळीवर थेट पाच धावा. पंचाला धाक दाखवणारा खेळाडू काही षटके बाहेर बसतो, मारहाण करणारा उरलेल्या सामन्याला मुकतो. आंतरराष्ट्रीय सामन्यांत मात्र बहुतेक शिक्षा खेळ संपल्यावर होतात : मानधनात कपात आणि डिमेरिट गुण, म्हणजे खेळाडूच्या नावावर जमा होणारे दोषाचे गुण.

मार्च २०१८ मध्ये केपटाउनला कॅमेरून बँक्रॉफ्ट सँडपेपरने चेंडू घासताना कॅमेऱ्यात सापडला. आयसीसीने कर्णधार स्टीव्ह स्मिथवर एका कसोटीची बंदी घातली. ऑस्ट्रेलियाच्या मंडळाने त्याला व डेव्हिड वॉर्नरला १२ महिने, बँक्रॉफ्टला ९ महिने घरी बसवले. ही तफावत डोळ्यांत भरणारी होती. जुलैमध्ये आयसीसीने चेंडू कुरतडणे आपल्या स्वतंत्र आचारसंहितेतील तिसऱ्या पातळीवर नेले आणि त्या पातळीची कमाल शिक्षा सहा कसोटी किंवा बारा एकदिवसीय सामन्यांच्या बंदीपर्यंत वाढवली.