ज्याच्या हाती कॅमेरा, तो पारधी?

रणजी करंडक कोणाचा, हे क्रीडा-संपादकांनी मतं टाकून ठरवलं तर? अमेरिकेतल्या कॉलेज फुटबॉलमध्ये अनेक दशकं हेच चाललं. शंभराहून अधिक विद्यापीठांचे संघ आणि प्रत्येकाला जेमतेम डझनभर सामने, तेही बहुतेक आपापल्या गटात, म्हणजे 'कॉन्फरन्स'मध्ये. दक्षिणेतली एसईसी तगडी की मध्य-पश्चिमेची बिग टेन, हे मैदानावर क्वचितच कळायचं. आज आरोप होतो तो असा की ईएसपीएन ही क्रीडा-वाहिनी क्रमवारीत एसईसीला झुकतं माप मिळवून देते.

१९३५ साली असोसिएटेड प्रेस या वृत्तसंस्थेचे क्रीडा-संपादक ॲलन गूल्ड यांनी मिनेसोटा, प्रिन्स्टन आणि सदर्न मेथडिस्ट अशा तिघांना पहिला क्रमांक दिला. मिनेसोटाचे लोक भडकले. पुढच्याच वर्षी गूल्ड यांनी पत्रकारांचं साप्ताहिक मतदान सुरू केलं. दोन शनिवारांच्या मधे लोकांनी भांडत राहावं, हा हेतू त्यांनी लपवलाही नाही. तेव्हा क्रमवारीचा जन्मच मुळी पानं भरण्यासाठी झालेला!

१९५० पासून मोसमाआधीचीही यादी निघू लागली, आणि खरी मेख इथेच आहे. एका गटाचे पाच-सहा संघ आधीच वर बसवले की ते आपसात खेळतात. जिंकणाऱ्याने 'बड्या' संघाला हरवलेलं असतं आणि हरणारा 'बड्या'कडूनच हरलेला असतो. दोघांचंही फारसं बिघडत नाही. यात कोणी लाच खाल्लेली नसते. पहिला अंदाज पुढच्या अंदाजाचा पुरावा होतो, इतकंच.

पैसा आला तो १९८४ नंतर. दूरचित्रवाणीच्या हक्कांवरची एनसीएए या कॉलेज-खेळांच्या नियामक संस्थेची मक्तेदारी अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने मोडली आणि कॉन्फरन्स स्वतःच वाहिन्यांशी सौदे करू लागल्या.

१९९८ मध्ये मतं आणि संगणक यांची सांगड घालून अंतिम सामन्याचे दोन संघ ठरवणारी बीसीएस पद्धत आली. गंमत अशी की २००४ मध्ये तक्रार एसईसीचीच होती: एकही सामना न हरलेल्या तिच्या ऑबर्नला अंतिम सामना मिळाला नाही. त्याच मोसमानंतर असोसिएटेड प्रेसने आपली क्रमवारी बीसीएसमधून काढून घेतली. मग २००६ ते २०१२ हे सातही मोसम एसईसीने जिंकले. जानेवारी २०१२ चा अंतिम सामना तर अलाबामा आणि एलएसयू या तिच्याच दोन संघांत झाला. दुसऱ्या गटाचा दावेदार ओक्लाहोमा स्टेट बाहेर.

२०१४ मध्ये चार संघांची बाद फेरी आली. संघ निवडायला १३ जणांची समिती, सामने दाखवायला ईएसपीएन. त्याच वर्षी ईएसपीएनने एसईसी नेटवर्क ही वाहिनी सुरू केली. तिथून पक्षपाताच्या आरोपाला धार चढली. २०२३ मध्ये तेराही सामने जिंकलेल्या फ्लोरिडा स्टेटला डावलून एसईसीच्या अलाबामाला घेतलं. क्वार्टरबॅक, म्हणजे चढाईचा सूत्रधार, जायबंदी झाल्याने संघ पूर्वीसारखा राहिला नाही, असं समितीचं म्हणणं. पण फ्लोरिडा स्टेटच्या एसीसी या गटाची वाहिनीही ईएसपीएनच चालवते, हे आरोप करणारे सोयीस्करपणे विसरतात. निवड समितीने केली. वाहिनीचा दोष असलाच तर आठवडाभर कोणाची टिमकी वाजवली एवढाच, आणि तो मोजायचा कसा?

लहान गटांच्या वाट्याला मात्र असला वादही नीट येत नाही. २०१७ च्या मोसमात सेंट्रल फ्लोरिडा सगळे सामने जिंकूनही पहिल्या चारांत नव्हती. पीच बोल या मोसमाअखेरच्या सामन्यात तिने ज्या ऑबर्नला हरवलं, त्या ऑबर्नने अंतिम सामन्यातल्या जॉर्जिया आणि अलाबामा या दोन्ही संघांना मोसमात एकेकदा लोळवलं होतं. विद्यापीठाने स्वतःच स्वतःला विजेता घोषित केलं आणि मिरवणूक काढली ती डिस्ने वर्ल्डमध्ये. ईएसपीएनची मालकीण कंपनीही डिस्नेच.