ओव्हेच्किन, अलेक्झांडर

ओव्हेच्किन, अलेक्झांडर मिखाइलोविच : (१७ सप्टेंबर १९८५). रशियन व्यावसायिक आइस हॉकीपटू, अमेरिकेच्या वॉशिंग्टन कॅपिटल्स संघाचा कर्णधार आणि उत्तर अमेरिकेतील नॅशनल हॉकी लीगच्या (एनएचएल) नियमित मोसमांत आजवर सर्वाधिक गोल करणारा खेळाडू. भारतात हॉकी म्हटले की मैदानी हॉकीच डोळ्यांसमोर येते. हा खेळ मात्र बर्फाच्या बंदिस्त रिंगणात, चेंडूऐवजी ‘पक’ नावाच्या रबरी चकतीने खेळला जातो आणि त्यात प्रतिस्पर्ध्याला अंगाने धडक देणे नियमाला धरून असते. ओव्हेच्किनच्या खेळात अशा धडकांचा वाटा मोठा आहे, हे गोलांच्या आकड्यांत दिसत नाही.

त्याचा जन्म मॉस्कोत खेळाडूंच्या घरात झाला. आई तात्याना हिने सोव्हिएत बास्केटबॉल संघाकडून १९७६ आणि १९८० अशी दोन ऑलिंपिक सुवर्णपदके जिंकली; वडील मिखाइल फुटबॉलपटू होते. आईचा ८ हा क्रमांकच त्याने आपल्या पाठीवर कायम ठेवला. मोठा भाऊ सेर्गेई याचे १९९५ मध्ये मोटार अपघातानंतर निधन झाले, तेव्हा अलेक्झांडर जेमतेम दहा वर्षांचा होता. सोळाव्या वर्षी तो मॉस्कोच्या दिनामो संघाकडून रशियाच्या वरिष्ठ साखळीत खेळू लागला. एनएचएलचे संघ दरवर्षी क्रमाने नवे खेळाडू निवडतात; २००४ च्या अशा निवडीत वॉशिंग्टनने त्याला सर्वांत आधी निवडले. पण संघमालक आणि खेळाडू यांच्यातील वादामुळे एनएचएलचा तो संपूर्ण मोसमच रद्द झाला. तो दिनामोकडेच राहिला आणि २००५ मध्ये संघासह रशियाचे विजेतेपद मिळवले.

५ ऑक्टोबर २००५ रोजी कोलंबस संघाविरुद्धच्या आपल्या पहिल्याच एनएचएल सामन्यात त्याने दोन गोल केले. त्या मोसमात ५२ गोल आणि एकूण १०६ गुण (गोल आणि गोलसाहाय्य मिळून) मिळवून त्याने पिट्सबर्गच्या सिडनी क्रॉस्बीला मागे टाकत सर्वोत्तम नवोदिताची कॅल्डर ट्रॉफी पटकावली. जानेवारी २००६ मध्ये फीनिक्सविरुद्ध तो पडला, पाठीवर घसरत गेला आणि गोलजाळ्याकडे पाठ असतानाच स्टिक एका हाताने वळवून त्याने पक आत ढकलला. या खेळातील सर्वांत अविश्वसनीय गोलांत त्याची गणना होते. २००७-०८ मध्ये त्याने ६५ गोल करून सर्वोत्तम खेळाडूचा हार्ट पुरस्कार प्रथमच मिळवला. पुढे २००९ आणि २०१३ मध्येही तो त्यालाच मिळाला.

त्याच्या गोलांचे मर्म एका जागेत आहे. प्रतिस्पर्धी संघातील खेळाडू शिक्षा भोगत बाहेर बसलेला असताना, म्हणजे पॉवर प्लेमध्ये, तो डाव्या फेसऑफ वर्तुळाजवळ (खेळ पुन्हा सुरू करण्यासाठी बर्फावर आखलेल्या वर्तुळाजवळ) उभा राहतो. उजव्या हाताचा फटका असलेल्या खेळाडूला तेथे पलीकडून आलेला पास न थांबवता थेट मारता येतो. बहुतेकदा संघसहकारी निकलास बॅकस्ट्रॉमकडून येणारा हा पास आणि त्यानंतरचा फटका लीगमधील प्रत्येक गोलरक्षकाला ठाऊक होता, तरीही तो वर्षानुवर्षे अडवता आला नाही. माझ्या मते त्याची खरी थोरवी येथेच आहे. पॉवर प्लेवरील सर्वाधिक गोलांचा विक्रमही त्याच्याच नावावर आहे.

मधली वर्षे सोपी नव्हती. २०१०-११ मध्ये त्याचे गोल ३२ वर घसरले आणि त्याचा बहर ओसरला असे बोलले जाऊ लागले. त्यानंतर २०१३ ते २०१६ अशी सलग चार वर्षे, आणि २०१८ ते २०२० अशी पुन्हा तीन वर्षे, मोसमातील सर्वाधिक गोलांची रॉकेट रिशार ट्रॉफी त्याने जिंकली. आधीच्या २००८ आणि २००९ च्या धरून अशा एकूण ९ ट्रॉफी त्याच्याकडे आहेत. साखळी फेरीत वरचढ ठरणारा त्याचा संघ बाद फेरीत मात्र वारंवार, विशेषतः पिट्सबर्गकडून, हरत राहिला. अखेर २०१८ मध्ये पिट्सबर्गचा अडसर दूर झाला आणि अंतिम फेरीत व्हेगासला ४-१ असे हरवून कॅपिटल्सने एनएचएलच्या विजेतेपदाचा स्टॅनली चषक प्रथमच जिंकला. बाद फेरीत १५ गोल करणाऱ्या ओव्हेच्किनला बाद फेरीतील सर्वोत्तम खेळाडूची कॉन स्माइथ ट्रॉफी मिळाली. रशियाकडून त्याने २००८, २०१२ आणि २०१४ मध्ये विश्वविजेतेपद मिळवले. ऑलिंपिक पदक मात्र तीन स्पर्धा खेळूनही हुकले.

व्लादिमीर पुतिन यांच्याशी असलेल्या त्याच्या उघड जवळिकीवर, विशेषतः २०२२ मध्ये युक्रेनवर आक्रमण झाल्यानंतर, बरीच टीका झाली. त्या वेळी त्याने युद्ध नको असे म्हटले, पण पुतिन यांचा निषेध केला नाही. त्याच्या कारकिर्दीची नोंद या बाजूशिवाय अपुरी राहील.

कॅनडाचा दिग्गज खेळाडू वेन ग्रेट्झ्की याचा एनएचएलमधील ८९४ गोलांचा विक्रम अभेद्य मानला जात असे. १९८० च्या दशकाच्या आरंभी दोन्ही संघ मिळून सामन्यात सरासरी सुमारे आठ गोल होत. ओव्हेच्किनच्या बहराच्या काळात ही सरासरी साडेपाचच्या आसपास होती, हे लक्षात घेतले म्हणजे या पाठलागाचे मोल कळते. नोव्हेंबर २०२४ मध्ये पायाचे हाड मोडल्याने तो महिनाभराहून अधिक काळ बाहेर होता. तरीही ६ एप्रिल २०२५ रोजी न्यूयॉर्क आयलंडर्सविरुद्ध, रशियाच्याच इल्या सोरोकिन या गोलरक्षकाला चकवून, डाव्या वर्तुळातून पॉवर प्लेवर त्याने ८९५ वा गोल केला. तो त्याचा १,४८७ वा सामना होता. ग्रेट्झ्कीची संपूर्ण कारकीर्दही नेमक्या १,४८७ सामन्यांची होती. ५ नोव्हेंबर २०२५ रोजी, वयाच्या चाळिसाव्या वर्षी, सेंट लुईसविरुद्ध स्टिकच्या उलट्या बाजूने मारलेल्या फटक्यावर तो ९०० गोल करणारा एनएचएलमधील पहिला खेळाडू ठरला.