गुरुत्वाकर्षण, वस्तुमान आणि वजन

वस्तुमान असलेल्या कोणत्याही दोन वस्तू एकमेकींना ओढतात. या ओढीला गुरुत्वाकर्षण म्हणतात. आयझॅक न्यूटन यांनी १६८७ मध्ये मांडलेल्या नियमानुसार हे बल दोन्ही वस्तुमानांच्या गुणाकाराच्या समप्रमाणात आणि त्यांच्यातील अंतराच्या वर्गाच्या व्यस्त प्रमाणात असते. अंतर दुप्पट झाले की बल चौथा हिस्सा उरते. टेबलावरची दोन पुस्तकेही एकमेकांना ओढतात, पण ती ओढ जाणवण्याइतकी नसते. पृथ्वीचे वस्तुमान मात्र ६ वर २४ शून्ये इतके किलोग्रॅम आहे.

वस्तुमान म्हणजे वस्तूत सामावलेले द्रव्य. वस्तू हलवायला किंवा थांबवायला किती जोर लागेल, हे त्यावर ठरते. ते किलोग्रॅममध्ये मोजतात आणि वस्तू कुठेही नेली तरी बदलत नाही. वजन हे बल आहे, म्हणून त्याचे एकक न्यूटन. वस्तुमानाला गुरुत्व त्वरणाने, म्हणजे ओढीमुळे पडणाऱ्या वस्तूचा वेग दर सेकंदाला जितका वाढतो त्याने, गुणले की वजन मिळते. हे त्वरण विषुववृत्तावर ९.७८, तर ध्रुवांवर ९.८३ मीटर प्रति सेकंद वर्ग असते. ६० किलोग्रॅम वस्तुमानाच्या माणसाचे वजन पृथ्वीवर सुमारे ५८८ न्यूटन, तर चंद्रावर जेमतेम ९७ न्यूटन भरेल. व्यवहारात आपण ‘वजन ६० किलो’ म्हणतो, तेव्हा खरे तर वस्तुमान सांगत असतो. ताणकाटा, म्हणजे स्प्रिंगचा काटा, चंद्रावर कमी आकडा दाखवेल. दोन पारड्यांचा तराजू मात्र तेच माप देईल, कारण दोन्ही पारड्यांवरची ओढ सारखीच घटते.

जड दगडावर ओढ जास्त, मग तो आधी का पडत नाही? कारण त्याला वेग द्यायला बलही तितक्याच पटीने जास्त लागते. हवेचा विरोध नसेल तर सारे काही एकाच त्वरणाने पडते. अपोलो १५ मोहिमेत, १९७१ मध्ये, डेव्हिड स्कॉट यांनी चंद्रावर हातोडा आणि पीस एकदमच सोडले. दोन्ही बरोबरच खाली पोचले.

अंतराळात गुरुत्वाकर्षण नसते, हा समज साफ चुकीचा आहे. सुमारे ४०० किलोमीटर उंचीवरच्या आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानकावर पृथ्वीची ओढ जमिनीवरच्या ओढीच्या जवळजवळ नऊ दशांश असते. स्थानक आणि आतली माणसे पृथ्वीभोवती फिरताना सतत एकत्रच पडत असतात, म्हणून पायाखालची फळी त्यांना वर रेटत नाही आणि वजन जाणवत नाही. तिथे वजनकाटा निरुपयोगी ठरतो. त्यामुळे अंतराळवीराला स्प्रिंगने ठरावीक बल लावतात आणि त्याला मिळालेल्या त्वरणावरून त्याचे वस्तुमान काढतात.