जागेतली सीमा आणि काळातली सीमा: ‘सारखीच’ नव्हे

जागेनुसार आणि वेळेनुसारही गुणधर्म बदलणाऱ्या संमिश्र पदार्थांवर काहीही वाचायला घ्या, एक वाक्य हमखास भेटतं: काळातली सीमा ही काचेच्या पृष्ठभागासारखीच असते. या ‘सारखीच’मुळे वाचणारा पुढचं सगळं उलटं समजून बसतो.

जागेतली सीमा शाळेपासून ठाऊक आहे. हवा संपते, काच सुरू होते, थोडा प्रकाश परततो, बाकीचा वाकून आत जातो. काळातल्या सीमेला मात्र अलीकड-पलीकड नसतं. पदार्थ सगळीकडे एकच असतो, तरंग त्याच्या आत धावत असतो, आणि एका क्षणी सगळ्या पदार्थाचा अपवर्तनांक, म्हणजे त्यात प्रकाशाचा वेग किती पटीने घटतो तो आकडा, एकदम बदलतो. इथेही तरंगाचे दोन भाग होतात, एक पुढे जाणारा, एक मागे फिरणारा. साम्य एवढंच.

खरा प्रश्न आहे टिकतं काय हा. ६०० नॅनोमीटर तरंगलांबीचा नारिंगी प्रकाश घ्या. त्याची वारंवारता, म्हणजे सेकंदाला येणाऱ्या शिखरांची संख्या, ५०० टेराहर्ट्झ (एक टेराहर्ट्झ म्हणजे सेकंदाला एक लाख कोटी). १.५ अपवर्तनांकाच्या काचेत तो शिरला की वेग घटतो आणि तरंगलांबी ४०० नॅनोमीटर होते. वारंवारता ५००च राहते, कारण सीमेवर सेकंदाला जितके शिखर येतात तितकेच पलीकडे निघायला हवेत. सीमा शिखर गिळत नाही, नवे बनवतही नाही. आता काच आणू नका. ज्या माध्यमातून प्रकाश चालला आहे त्याचाच अपवर्तनांक एका क्षणात १ वरून १.५ करा. त्या क्षणी शिखर जिथे आहेत तिथेच आहेत, त्यांच्यातलं अंतर बदलायला वेळच नाही. म्हणून तरंगलांबी ६००च राहते. वेग मात्र घटला, तेव्हा वारंवारतेलाच उतरावं लागतं: सुमारे ३३३ टेराहर्ट्झ. म्हणजे नारिंगी प्रकाश डोळ्यांना न दिसणारा अवरक्त झाला. काचेतून जाताना प्रकाशाचा रंग बदलत नाही, इथे बदलतो. ‘सारखीच’ म्हणणाऱ्याने आधी ५०० आणि ३३३ हे दोन आकडे शेजारी लिहावेत.

ऊर्जेचं गणितही इथेच फिरतं. जागेतल्या सीमेवर परतलेली आणि पार गेलेली ऊर्जा मिळून मूळची भरते. काळातल्या सीमेवर भरत नाही. वरच्या उदाहरणात, पदार्थ चुंबकीय नाही आणि बदल तात्काळ झाला असं धरलं, तर तरंगाची सुमारे २८ टक्के ऊर्जा जाते, अपवर्तनांक १.५ वरून १ वर आणला तर ती ६२ टक्क्यांनी वाढते. यात ऊर्जा टिकण्याचा नियम कुठेच मोडत नाही. गुणधर्म बदलणारी बाहेरची यंत्रणा काम करते किंवा काम करून घेते, तो हिशेब तिच्या खात्यात असतो. संवेग मात्र टिकतो.

अशा प्रयोगांच्या बातम्यांवरच्या ‘काळ उलटा फिरला’ या मथळ्यांचा मला मनापासून राग आहे. काळ फिरत नाही, तरंग फिरतो. डोंगरावरून येणाऱ्या प्रतिध्वनीत आधी उच्चारलेलं अक्षर आधी ऐकू येतं. काळातल्या परावर्तनात शेवटचं अक्षर आधी येतं, कारण सगळे शिखर एकाच क्षणी जागच्या जागी मागे वळतात. २०१६ साली पॅरिसमध्ये बाको, फिंक, फोर आणि सहकाऱ्यांनी हे पाण्यावर दाखवलं. त्यांनी पाण्याच्या टाकीला उभा झटका दिला. लाटांचा वेग ज्यावर ठरतो ते परिणामी गुरुत्व (झटक्यासकट पाण्याला जाणवणारं गुरुत्व) क्षणभर सगळीकडे बदललं, आणि पसरलेल्या लाटांतून निघालेला मागे फिरणारा भाग उगमाशी येऊन गोळा झाला. आयफेल टॉवरच्या आकाराच्या उगमातून लाटा सोडल्या, तर तोच आकार पाण्यावर पुन्हा उमटला. विद्युतचुंबकीय तरंगांसाठी २०२३ साली न्यूयॉर्कमध्ये स्विचांनी भरलेल्या धातूच्या पट्टीवर असं परावर्तन मोजलं गेलं.

दोन्ही सीमा मिसळल्या की गुणधर्मांची नक्षी पदार्थातून सरकवता येते. गणितज्ञ कॉन्स्टँटिन लुरी यांनी अशा पदार्थांना ‘डायनॅमिक मटेरियल्स’ म्हटलं. नक्षी प्रकाशापेक्षा वेगानेही सरकू शकते. तिथे आइन्स्टाइन चुकला असं लिहू नये, कारण पदार्थाचा कणही जागचा हललेला नसतो.

अशा प्रयोगाची बातमी आली की मी आधी बदलाचा वेग बघते. काळातलं परावर्तन ठळक हवं असेल तर गुणधर्म तरंगाच्या साधारण एका आवर्तनात बदलायला हवा. वरच्या नारिंगी प्रकाशासाठी ते २ फेम्टोसेकंद (एक फेम्टोसेकंद म्हणजे सेकंदाच्या अब्जाव्या भागाचा दहा लाखावा भाग). बदल सावकाश झाला तर वारंवारता सरकते, पण परतणारा तरंग जवळपास उरतच नाही. त्यामुळे केवळ वारंवारता सरकल्याचा आलेख म्हणजे परावर्तनाचा पुरावा नव्हे.